पीटर फान लार ऊर्फ 'बाम्बोच्चो' : रोमच्या रस्त्यावरची माणसं रंगवणारा हार्लेमचा चित्रकार

नीलपाखरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज घरात कोणी नाहीये तर बसलोच. मागच्या महिन्यात कामानिमित्त रोमला जाणं झालं, एक दिवस मोकळा मिळाला म्हणून तिथल्या जुन्या चित्रांच्या सरकारी संग्रहात गेलो, गॅलेरिया नात्सिओनाले द'आर्ते आंतिका नाव त्याचं. भिंतभर मोठाली चित्रं, सगळीकडे संत, देवदूत, लाल झगेवाले कार्डिनल. बघून बघून मान दुखायला लागली आणि तेवढ्यात एक जेमतेम हातभर रुंदीचं चित्र दिसलं. त्यात देव नाही, राजा नाही, काही नाही. रस्त्यावर चाम्बेल्ले विकणारा एक माणूस (आपल्या कडबोळ्यासारखे गोल, पण मोठे पाव असतात ते), आजूबाजूला दोन-चार साधी माणसं, जुनाट भिंती आणि संध्याकाळचा असावा असा मातकट उजेड. बस. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभा होतो. खाली नाव होतं पीटर फान लार, आणि पुढे 'इल बाम्बोच्चो'.

घरी आल्यापासून याच्यामागे लागलोय. जे हाती लागलं ते सांगतो.

हा मूळचा हॉलंडमधल्या हार्लेमचा. 14 डिसेंबर 1599 ला त्याचा बाप्तिस्मा झाला. घर खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं, एक भाऊ निकोलास हार्लेममध्ये शाळा चालवायचा, दुसरा रुलांट हाही चित्रकार. सुरुवातीला त्याच्यावर एसायास फान डे व्हेल्डे या निसर्गचित्रं आणि घोडेस्वारांच्या चकमकी रंगवणाऱ्या चित्रकाराची छाप होती असं मानतात. 1625 च्या आसपास हा फ्रान्समार्गे रोमला पोचला आणि मग चौदा-एक वर्षं तिथेच राहिला. पंचविशीत घर सोडलं आणि चाळिशीला परत आला, म्हणजे चित्रकार म्हणून जगण्याची खरी वर्षं सगळी परदेशातच गेली.

आता त्यावेळचं रोम डोळ्यासमोर आणा. आठवा उर्बान पोप आहे, बार्बेरिनी घराण्याचा, पाण्यासारखा पैसा खर्च करतोय, सेंट पीटर चर्चमध्ये शिल्पकार बेर्निनी ते प्रचंड ब्राँझचं छत्र उभारतोय. काराव्हाज्जो या गाजलेल्या चित्रकाराला जाऊन पंधरा वर्षं झालीत. चित्रकाराला मान हवा असेल तर त्याने बायबल, पुराणं, रोमन इतिहास असलंच मोठं काहीतरी काढायचं अशी रीत. आणि हा गडी काय काढतोय? घोड्याला नाल ठोकणारा लोहार, खाणावळीच्या दारात बसलेले लोक, बोटांनी मोर्रा खेळणारे मजूर, शेळ्या, गाढवं, भिकारी, वाटमारे. तेही छोट्या छोट्या कॅनव्हासवर.

नावाची गोष्ट तर मनाला लागते. रोममध्ये डच-फ्लेमिश चित्रकारांची एक टोळी होती, बेंटफ्यूगेल्स, म्हणजे साधारण 'एका थव्याची पाखरं'. त्यांच्यात प्रत्येक नव्या माणसाला टोपणनाव द्यायची पद्धत. पीटरचे पाय फार लांब होते, छाती आखूड आणि मान जवळजवळ नव्हतीच, डोकं खांद्यात बसल्यासारखं. म्हणून त्याचं नाव पडलं बाम्बोच्चो, म्हणजे बेढब बाहुला. आणि हे नाव त्याच्यापुरतं राहिलं नाही! त्याच्यामागून जे असली चित्रं काढायला लागले त्यांना बाम्बोच्चांती म्हणायला लागले आणि चित्रांना बाम्बोच्चाते. एका माणसाच्या शरीरावरून केलेली चेष्टा चारशे वर्षं कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात एका अख्ख्या शैलीचं नाव होऊन बसलीय. मला शाळेत उंचीवरून उंट म्हणायचे, कॉलेज सुटलं तेव्हा ते नाव सुटलं, पण याचं मेल्यावरही सुटलं नाही. म्हणून मी तरी या धाग्यात त्याला पीटरच म्हणणार आहे.

कोणी अजून वाचलं असेल याच्यावर तर प्लीज लिहा.

---

मुक्ता_सांगली

खूप छान लिहिलंय. एक बेसिक शंका, अशा चित्रांना जॉनर पेंटिंग म्हणतात ना? ते निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्रापेक्षा वेगळं कसं?

---

शांभवी

मुक्ता, मी मुलांना शिकवताना सोप्पं करून सांगते ते असं की व्यक्तिचित्रात माणसाला नाव असतं, जॉनरमध्ये काम असतं. म्हणजे चित्रातली बाई कोण हे महत्त्वाचं नाही, ती दूध ओततेय हे महत्त्वाचं. रोजचं जगणं, स्वयंपाकघर, बाजार, गुत्ता, खेळ. डच लोकांनी हा प्रकार सतराव्या शतकात फार उंचीवर नेला कारण तिकडे चर्चकडून मोठी कामं मिळणं जवळपास बंद झालं होतं आणि साधे व्यापारीसुद्धा घरात लावायला चित्रं विकत घ्यायचे.

पण पीटरचं वेगळेपण असं की बहुतेक डच जॉनरवाले हॉलंडमध्ये बसून हॉलंडच रंगवत होते. याने तीच नजर उचलून रोमला नेली. रोमला जाणारे उत्तरेकडचे चित्रकार एकतर प्राचीन अवशेष काढायला जायचे नाहीतर राफाएल, मायकलअँजेलो गिरवायला. हा गेला आणि अवशेषांच्या सावलीत बसलेल्या माणसांकडे बघत बसला. रोमचा ऊन-सावलीचा खेळ आणि काराव्हाज्जोनंतरचा तो गडद अंधार त्याने घेतला, विषय मात्र स्वतःचा ठेवला.

पासेरी नावाचा त्या काळचा रोमन चित्रकार आणि चरित्रकार होता, त्याने याच्याबद्दल लिहून ठेवलंय की त्याची चित्रं म्हणजे उघडी खिडकी वाटते, बाहेर जे चाललंय ते जसंच्या तसं, काही फेरफार नाही. वर्गात मी कायम हे सांगते.

बाकी नीलपाखरू, तुम्ही टोपणनावाबद्दल लिहिलंत ते पटलं, पण त्या टोळीत सगळ्यांचीच अशी नावं होती हेही लक्षात घ्या. कारेल दुजार्दिनला बोकडदाढी, विलेम फान आल्स्टला बुजगावणं, आणि जंगलातली झुडपं-साप-किडे रंगवणारा ओटो मार्सेयस सगळीकडे वाकून वाकून हुंगत फिरायचा म्हणून त्याला हुंग्या. परदेशात भाषा येत नाही, ओळख नाही, अशा पोरांनी आपसात जोडलेली नाती होती ती.

---

नीलपाखरू

शांभवीताई, हो, बरोबर आहे. फक्त बाकीच्यांची नावं टोळीत राहिली, याचं बाहेर पडलं.

त्या टोळीबद्दल अजून एक, नवा मेंबर आला की गुत्त्यात बाकस या दारूच्या रोमन देवाच्या नावाने मोठा समारंभ व्हायचा, रात्रभर पिणं, आणि मग सगळे चालत शहराबाहेरच्या सांता कोस्तान्झा चर्चला जायचे. तिथे लाल दगडाची एक शवपेटी होती, तिच्यावर द्राक्षं तोडणारी बाळं कोरलीत म्हणून ही पोरं तिला बाकसची कबर समजायची, खरी ती सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलीची. शवपेटी आता व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये आहे पण चर्चच्या भिंतीवर या चित्रकारांनी खरवडलेली नावं अजून वाचता येतात. मला तिथे जायला जमलं नाही याची चुटपुट लागून राहिलीय. शेवटी 1720 मध्ये पोपने हा सगळा प्रकार बंद पाडला.

---

भट्टीकर_नाना

तुमच्या लेखावरून मी या माणसाची चित्रं शोधली. मला चित्रातलं कळत नाही पण त्याचं एक चित्र होतं चुन्याच्या भट्टीचं, मूळ हरवलंय म्हणे, पण कॉर्नेलिस व्हिशर नावाच्या माणसाने त्यावरून केलेलं छापचित्र मिळालं. ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या आजोबांची चुन्याची भट्टी होती, घाणीपण होती बैलाची, दगडी चाक फिरायचं त्यात चुना आणि वाळू मळायची. मुंबईत चुनाभट्टी हे नाव नुसतं स्टेशन म्हणून राहिलं पण ज्यांनी ते काम बघितलंय त्यांना माहितेय ते काय असतं. चुनखडी आणि जळण थराथराने रचायचं, आग धरली की नऊशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते तेव्हा दगडातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो, मग तो पाण्यात विरवायचा, तेव्हा असा फसफसून उकळतो की जवळ उभं राहता येत नाही. आजोबांच्या हाताची कातडी कायम तडकलेली असायची, डोळे लाल. असल्या कामाचं कोणी चित्र काढेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नसतं. आमच्याकडे आजोबांचा एकच फोटो आहे, तो लग्नातला, टोपी-कोट घातलेला. भट्टीवरचा एकही नाही.

एक विचारायचं होतं, रोममध्ये चुनखडी कुठून आणायचे? शहराच्या इतक्या जवळ भट्ट्या होत्या का?

---

नीलपाखरू

नाना, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार.

उत्तर ऐकून तुम्हाला धक्का बसेल. शेकडो वर्षं रोममधल्या भट्ट्यांमध्ये जुन्या रोमन इमारतींचा संगमरवर जाळत होते. खांब, फरश्या, पुतळे, सगळं फोडून भट्टीत. संगमरवर म्हणजे शेवटी तुमची चुनखडीच, आणि चुना निघतो पांढराशुभ्र. आजच्या लार्गो आर्जेंतिनाच्या भागाला मध्ययुगात काल्कारारिओच म्हणायचे, म्हणजे अक्षरशः चुनाभट्टी! राफाएलने पोप दहाव्या लिओला 1519 च्या सुमाराला जे पत्र लिहिलं त्यात हाच संताप आहे की आज दिसणारं हे नवं रोम, कितीही भव्य असलं तरी, जुन्या संगमरवराच्या चुन्यावर उभं आहे.

म्हणजे बघा, बाकीचे चित्रकार जुने पुतळे गिरवायला रोमला येत होते आणि पीटरने भट्टी काढली.

---

थेट_बोलतो

चर्चा वाचतोय, आवडतेय, पण एक मुद्दा कोणी काढत नाहीये म्हणून मी काढतो. ही चित्रं विकत कोण घेत होतं? कार्डिनल, सरदार, व्हाइसरॉय. ज्या भिकाऱ्याला दारातून हाकलायचं त्याचं चित्र दिवाणखान्यात लावायचं, याला काय म्हणायचं? गरिबी ही श्रीमंतांची करमणूक झाली. आजही झोपडपट्टीचे फोटो काढून प्रदर्शनात लाखाला विकतात, तसंच हे. चित्रकाराचं कौतुक करताना हेपण बोललं पाहिजे.

---

शांभवी

थेट, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो त्याच काळात मांडला गेलाय. साल्व्हातोर रोझा, स्वतः मोठा चित्रकार आणि कवी, त्याने चित्रकलेवर एक उपरोधिक काव्य लिहिलं, त्यात तो जवळपास हेच म्हणतो की ज्यांना जिवंतपणी बघायची किळस येते त्यांनाच हे लोक चित्रात बघायला मागतात. (रोझाने सुरुवातीच्या काळात स्वतः असली चित्रं काढली होती.)

पण सगळेच टीकाकार गरिबांच्या काळजीने बोलत नव्हते हेही बघा. आंद्रेआ साक्कीने 1651 मध्ये फ्रांचेस्को अल्बानीला पत्र लिहिलं, दोघेही त्यावेळचे वजनदार चित्रकार, त्यात तक्रार काय तर उवा मारणारा माणूस, वाडग्यातून सूप पिणारा माणूस असलं रंगवून हे लोक चित्रकलेची अब्रू घालवतायत. म्हणजे राग माणसाच्या हलाखीचा नाही, ती कॅनव्हासवर आली याचा. शिवाय पोटाचाही प्रश्न होता. ही छोटी चित्रं स्वस्त, पटकन व्हायची आणि भराभर खपायची, मोठ्या ऐतिहासिक चित्रांचं गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं होतं. त्यात या परदेशी पोरांनी रोमच्या चित्रकारांच्या अकादमीला वर्गणी द्यायला नकार दिलेला.

---

थेट_बोलतो

मान्य. पण मग चित्रकाराची बाजू कोणती? त्याला त्या माणसांचं काही वाटत होतं हे कशावरून म्हणायचं?

---

नीलपाखरू

हा प्रश्न मलापण छळतोय. त्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलं नाही त्यामुळे चित्रंच बघायची. मला जे दिसलं ते सांगतो, वाद घाला.

एक, त्याची माणसं आपल्याकडे बघून हसत नाहीत, दात विचकत नाहीत, हात पसरत नाहीत. त्या काळच्या पुष्कळ गुत्त्याच्या चित्रांत शेतकरी-मजूर म्हणजे दारू पिऊन लोळणारे विदूषक असतात. पीटरची माणसं आपल्या कामात आहेत, आपण बघतोय हे त्यांना माहीतच नाही. दोन, तो जनावरांनापण तेवढाच वेळ देतो. 1636 मध्ये त्याने आठ कोरीव छापचित्रांचा एक संच काढला, त्यात शेळ्या, कुत्री, घोडे, आणि तो अर्पण केला नेपल्सच्या माजी स्पॅनिश व्हाइसरॉयला, डॉन फेर्नांदो आफान दे रिबेरा याला. थेट, इथे तुमचं बरोबर आहे, आश्रयदाता व्हाइसरॉयच. पण चित्रात व्हाइसरॉयची खुशामत कुठे नाही, उभी आहेत ती जनावरंच. तीन, म्युनिकच्या आल्ते पिनाकोथेकमध्ये त्याचं एक चित्र आहे, चर्चबाहेर स्वतःला फटके मारून घेत प्रायश्चित्त करणारे लोक. केवढा नाट्यमय विषय आहे, दुसऱ्या कोणी त्याचा तमाशा केला असता, पण याने तो रस्त्यावरच्या इतर गोष्टींसारखाच एक म्हणून काढलाय.

मला वाटतं ज्याच्या शरीराकडे लोक रोज वळून बघतात त्याला बघून घेण्याचा त्रास कळतो, आणि म्हणून तो दुसऱ्याकडे बघताना जपून बघतो. पुरावा नाही याला, माझं मत आहे.

---

आदिलशाहीप्रेमी

पुढे काय झालं हेपण सांगायला हवं, कारण त्याच्यामागून आलेल्यांत मिकेलांजेलो चेर्क्वोत्सी हा खुद्द रोमचाच होता. 1647 मध्ये नेपल्समध्ये फळांवरच्या करावरून मासानिएल्लो नावाच्या कोळ्याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, आणि चेर्क्वोत्सीने लगेच 1648 मध्ये त्या उठावाचं चित्र काढलं, इमारती व्हिव्हियानो कोदाझीने रंगवल्या. चौक माणसांनी भरलेला आणि गर्दीत तो कोळी. रोमच्या गॅलेरिया स्पादामध्ये आहे. बाजार आणि भिकारी रंगवायला शिकलेला हात होता म्हणूनच ती गर्दी रंगवता आली. अकादमीतल्या कोणाला ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

आणि थोडं अवांतर पण आपल्या जवळचं, हार्लेमचाच एक चित्रकार त्याच काळात विजापूरला होता! कॉर्नेलिस क्लासझोन हेडा. आधी प्रागला सम्राट रुडॉल्फकडे होता, मग इराणच्या शाह अब्बासकडे जायला निघाला, अडकला गोव्यात, आणि 1610 मध्ये विजापूरला पोचून इब्राहिम आदिलशहा दुसरा याचा दरबारी चित्रकार झाला. 1622 ला वारला, परत गेलाच नाही. म्हणजे पीटर शिकण्याच्या वयात होता तेव्हा त्याच्या गावचा एक माणूस विजापूरच्या सुलतानासाठी चित्रं काढत होता. एवढंसं गाव, आणि कुठे कुठे पोचली माणसं.

---

स्वरांगी

मी गाण्यातली आहे, चित्रातलं फार नाही कळत, पण पीटरचं ते स्वतःचं भीतिदायक चित्र बघितलंत का कोणी? जादूटोण्याचं? आता न्यूयॉर्कच्या लायडन कलेक्शनमध्ये आहे. त्यात तो स्वतः आहे, तोंड वासून किंचाळतोय, समोर टेबलावर कवटी, त्यात निखारे, उघडी पुस्तकं, सुरी, आणि उजव्या कडेने कोणाची तरी नखं आत येतायत. बाकी अंगाचा पत्ता नाही, फक्त नखं!

माझं लक्ष गेलं ते टेबलावरच्या कागदाकडे. त्यावर स्वरलिपी आहे, तीन आवाजांत एकामागून एक उचलायचं गाणं, आणि शब्द आहेत 'इल दियाव्होलो नोन बुर्ला', सैतान चेष्टा करत नाही. असलं गाणं म्हणताना पहिल्याची ओळ दुसरा पकडतो, दुसऱ्याची तिसरा. म्हणजे तो एकटा बसून किंचाळतोय आणि कागदावर तीन माणसांचं गाणं आहे. बाकीचे दोघं कुठेत? मला ते फार एकटं वाटलं चित्र. सगळ्या आयुष्यात रस्त्यावरची गर्दी रंगवणाऱ्याने स्वतःला असं का काढलं असेल?

---

नीलपाखरू

स्वरांगी, हा धागा टाकण्याचं सार्थक झालं. ती स्वरलिपी मी नुसतीच शोभेची समजून सोडून दिली होती.

एकटेपणाबद्दल म्हणाल तर रोममध्ये त्याचे मित्र चांगले होते. योआखिम फॉन झांड्रार्ट हा जर्मन चित्रकार-लेखक त्याचा जवळचा, त्याने लिहिलंय की तो स्वतः, पीटर, पुसाँ आणि क्लोद लोराँ असे मिळून तिवोलीला निसर्ग बघून चित्रं काढायला जायचे. काय ते चार लोक! पुसाँ आणि क्लोद पुढे युरोपभर गाजले, आणि त्याच डोंगरात त्याच उजेडात हा शेळ्या बघत बसला असणार.

शेवट मात्र कळत नाही. 1639 च्या सुमाराला तो हार्लेमला परत आला, भाऊ निकोलासकडे राहिला. 1642 मध्ये पुन्हा बाहेर पडला, बहुधा रोमकडेच. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. 1654 मध्ये त्याच्या बहिणीने मृत्युपत्र केलं त्यात नोंद आहे की बारा वर्षं त्याचा ठावठिकाणा नाही. पुढे हाउब्राकेनने 1718 नंतर डच चित्रकारांची चरित्रं छापली त्यात उदासपणाने त्याने विहिरीत जीव दिला अशी कथा येते, पण ती पंचाहत्तर वर्षांनी लिहिलेली, आणि घरच्यांनाच माहीत नव्हतं तर याला कुठून कळणार. माझा विश्वास नाही.

---

मुक्ता_सांगली

बारा वर्षांनी बहिणीने मृत्युपत्रात त्याचं नाव घातलं हे वाचून गलबललं. आमच्या घरात एक काका असेच गेलेले, आजी शेवटपर्यंत रेशनकार्डावरचं त्यांचं नाव कमी करू देत नव्हती.

---

शांभवी

हाउब्राकेनचीच अजून एक कथा आहे, तीही कथा म्हणूनच घ्या. हार्लेमचा फिलिप्स वाउवरमान, घोड्यांच्या चित्रांसाठी पुढे केवढा प्रसिद्ध झाला, त्याच्या हाती म्हणे पीटरच्या रेखाटनांची पेटी लागली होती, त्यावरून तो शिकला आणि मरताना त्याने ती जाळून टाकली. खरं-खोटं काही असो, वाउवरमानच्या सुरुवातीच्या चित्रांत पीटर इतका दिसतो की ओळखायला चूक होऊ शकते. पीटरची अस्सल मानलेली चित्रं थोडीच आहेत, त्यामुळे नानांना मिळालं तसलं छापचित्र फार मोलाचं.

नाना, आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या साइटवर व्हिशरची छापचित्रं मोठ्या साइझमध्ये फुकट उतरवून घेता येतात, भट्टीचंही शोधा तिथे. फोटो कॉपीवाल्याकडे चांगल्या जाड कागदावर मोठं करून मिळेल.

---

भट्टीकर_नाना

शांभवीताई, नातवाने काढून दिलं. ए-थ्री साइझवर घेतलं आणि आजोबांच्या त्या टोपी-कोटातल्या फोटोशेजारी लावलंय.